शेवटचे चार आकडे

दुपारी ४ – सहा तास आधी
भाचा लातूरहून एसटीने नांदेडला पोचला. बॅगेत नवी ५०० जीबीची एसएसडी. माझ्या डीटीपीच्या कॉम्प्युटरमधली जुनी हार्ड डिस्कही ५०० जीबीचीच, आठवडाभर टकटक करणारी. स्मरणिकेची पानं उद्या सकाळी लातूरच्या छापखान्यात जायची होती. सगळी डेस्कटॉपवर.

५.३०
नवं विंडोज टाकणं परवडणारं नव्हतं. पेजमेकर आणि जुने मराठी फॉन्ट पुन्हा बसतील याचा भरवसा नाही; मजकूर युनिकोडमध्ये नाही, फॉन्ट गेला की ‘सप्रेम नमस्कार’ची इंग्रजी अक्षरांत खिचडी. म्हणून सगळं विंडोजसकट क्लोन करायचं. एसएसडी चालते का पाहायला भाच्याने ती जोडून फॉरमॅट केली.
“मामा, जुन्या डिस्कच्या सिरियल नंबरचे शेवटचे चार आकडे लिहून ठेवा.”
“कामून? दोनच तर डिस्का हायत.”

७.००
“पानं पेनड्राइव्हवर घेऊ का?”
“क्लोन म्हणजे कॉपीच की रे!”

८.१०
क्लोन करणारा क्लोनझिला सुरू. एसडीए जुनी, एसडीबी नवी. पाठ केलं. तेवढ्यात लाईट गेली.

९.४०
लाईट आली. अंधारात कॅबिनेट सरकवताना सैल झालेल्या केबली मी काढून पुन्हा लावल्या होत्या. कोणती कुठे, पाहिलं नाही. एसडीए, एसडीबी ही डिस्कची नावं नव्हेत. मशिनला ज्या क्रमाने त्या सापडतात, तो क्रम.

९.५५ – पाच मिनिटं आधी
भाचा जेवायला बसलेला. मी निवडलं: एसडीएवरून एसडीबीवर. शेजारी मॉडेलचं नाव होतं, वाचलं नाही. क्लोनझिला दोनदा विचारतो. दोनदा ‘वाय’ दाबलं.

१०.००
इतक्या लवकर संपलं की मी खूश झालो. क्लोनझिला डिस्कचा भरलेला भागच उचलतो, आणि नुकत्याच फॉरमॅट केलेल्या डिस्कवर उचलण्यासारखं असतं काय? रिकामेपण हुबेहूब जुन्या डिस्कवर उतरलं होतं.

१०.१०
नव्या डिस्कवर विंडोज नाही. जुनीवरही नाही. भाचा ताटावरून उठला.
“मामा, आता हिच्यावर काहीच लिहायचं नाही.”
नक्कल एवढीशी, म्हणून जुना मजकूर बराचसा जागच्या जागी होता. गेली होती ती कोणती फाइल कुठे, याची अनुक्रमणिका.

पहाटे ४.००
भाच्याच्या लॅपटॉपवर फोटोरेक एकेक फाइल उकरून दुसऱ्या डिस्कवर ठेवत होतं. फोटो आले, प्रुफाच्या पीडीएफ आल्या. पण नावं गेलेली. ‘एफ’ आणि पुढे लांबलचक आकडा. स्मरणिकेचं संपादकीय, कुणाची लग्नपत्रिका, कुणाच्या तेराव्याची पत्रिका, सगळी एकाच रांगेत. एकेक उघडून ओळख पटवायची.

सकाळी ७.००
छापखान्याकडून दोन दिवस मागून घेतले. मग बॅटरीच्या उजेडात जुन्या डिस्कवरचे शेवटचे चार आकडे वाचले आणि कॅबिनेटवर मार्करने लिहिले. भाचा पाहत होता. काही बोलला नाही. फक्त खिशातला पेनड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला.