लगाम मिळेपर्यंत

व्हिएन्ना, १८९८. हिवाळ्यातली सकाळ. तुम्ही सतरा वर्षांचे आहात, घोडेस्वारीच्या शाळेत नवे आहात आणि नवे बूट घोट्याला चावतायत. मोतद्दार स्टालबुर्गच्या पागेतून एक पांढराशुभ्र घोडा बाहेर काढतो. खरारा नुकताच झालाय, पाठ रेशमासारखी चमकतेय. अरुंद रस्ता ओलांडला की समोर दार. त्याच्यामागून तुम्ही आत शिरता आणि मान आपसूक वर जाते.

हे घोड्यांसाठी बांधलंय यावर तुमचा विश्वास बसत नाही. ५५ मीटर लांब, १८ मीटर रुंद असं दालन, ४६ खांब, त्यांवर सज्जे, छताला झुंबरं. एखाद्या संस्थानिकाच्या घरचं लग्न लागावं असा थाट, फक्त खाली फरशीच्या जागी भुसभुशीत माती. सहाव्या चार्ल्स बादशहाने १७२९ ते १७३५ या काळात हे बांधून घेतलं. त्याची तसबीर पलीकडच्या टोकाला आहे. आत येणारा प्रत्येक स्वार तिच्यासमोर टोपी उतरवतो. तुमच्या गुरुजींनीही आत्ता उतरवली. बोललं मात्र कुणीच नाही. इथे आवाज येतो तो खोगिराच्या कातड्याचा आणि घोड्यांच्या फुरफुरण्याचा.

खोगीर आहे, पण रिकिबी काढून ठेवल्यात. लगाम तुमच्या हाती नाही. घोड्याच्या तोंडाशी बांधलेला लांब दोर गुरुजींच्या हातात, घोडा त्यांच्याभोवती गोल फिरणार आणि तुम्ही वर नुसते बसणार. चालीवर ठीक जातं. मग दुडकी सुरू होते आणि तुम्ही पोत्यासारखे आपटायला लागता. घाबरून गुडघे आवळता. घोडा थांबतो.

“मी थांब म्हटलं नव्हतं,” तुम्ही म्हणता.

“म्हटलंस. पायांनी,” गुरुजी म्हणतात. “त्याने ऐकलं.”

घोड्याचा एक कान गुरुजींकडे आहे, दुसरा मागे, तुमच्याकडे वळलेला. आज खरे शिकवणारे ते दोन कान आहेत. घोडा विशीतला आहे. त्याने तुमच्यासारखी पोरं पाठीवर घेतलीयत आणि कुणाचं वजन कुठे झुकतं हे त्याला त्या पोरांआधी कळतं. गुरुजी सांगतात त्याला मराठीत नेमका शब्द आहे: मांड. आपण ‘मांड पक्की’ म्हणतो तेव्हा घट्ट पकड डोळ्यांसमोर येते. इथे नेमकं उलट आहे. मांड म्हणजे सोडून देणं. मांड्या सैल, कंबर घोड्याच्या पाठीबरोबर हलणारी, खांदे शांत. हे अंगात मुरेपर्यंत लगाम नाही, कारण तोल सांभाळायला लगामाला लटकणारा माणूस घोड्याचं तोंड बिघडवतो. एकदा बिघडलेलं तोंड सुधारायला फार काळ जातो.

म्हणून नियम असा की नवा स्वार जुन्या घोड्यावर आणि नवा घोडा जुन्या स्वाराखाली. दोन कच्चे एकत्र आणायचे नाहीत. (हा नियम आपल्याकडच्या कितीतरी कचेऱ्यांनी उचलायला हरकत नाही.)

रात्री तुम्हाला जिना चढवत नाही. असे महिने जातात.

आता चार वर्षं पुढे या. १९०२. लगाम कधीचा हाती आलाय, आणि आज समोर एक गडद रंगाचा चार वर्षांचा घोडा उभा आहे, त्रिएस्तजवळच्या लिपिझाहून आलेला. तिथली घोडपैदास १५८०पासूनची. तुम्ही या दालनात पहिलं पाऊल टाकलंत त्याच वर्षी हा जन्मला. लिपिझाची शिंगरं काळपट जन्मतात आणि सहा ते दहा वर्षांची होईतो हळूहळू पांढरी पडतात. नाव जोडनाव: पहिलं बापाच्या घराण्याचं, कॉन्व्हर्सानो, दुसरं आईचं. आईचं नाव आयुष्यभर मिरवण्याची रीत आपल्याआधी घोड्यांनी पाळली म्हणायची.

पहिलं वर्षभर काय शिकवायचं? सरळ चालायला. एवढंच. पाठीवर माणूस आला की घोड्याचा मूळचा तोल मोडतो, तो त्याला परत शोधू द्यायचा. मग वळणं. मग फ्रान्सच्या ला गेरिनिएरने १७३३च्या ग्रंथात मांडलेली युक्ती: भिंतीलगत चालताना घोड्याचे पुढचे खांदे किंचित आत घ्यायचे. त्यामुळे आतला मागचा पाय पोटाखाली येतो, भार उचलतो, सांधे वाकायला शिकतात. पुढे जागच्या जागी दुडकी, आणि सर्वांत शेवटी लेवाड: घोडा मागच्या पायांवर जवळजवळ बसतो, पुढचे उचलून दुमडतो आणि काही क्षण दगडात कोरल्यासारखा राहतो. ही रणांगणातली चाल होती असं सांगतात. मला पटत नाही. भाल्यांच्या रांगेपुढे घोड्याचं पोट उघडं टाकणारा स्वार वेडाच म्हणायचा. मला ही कसरत वाटते, घोड्याच्या ताकदीची आणि स्वाराच्या धीराची.

काही वर्षांनी एके सकाळी तुमचा घोडा लेवाड करतो. तुम्ही टाच मारलेली नाही. फक्त श्वास सोडून कंबर किंचित खाली केलीत. तो खाली येताच तुमचा हात तपकिरी कोटाच्या शेपटीत जातो. तिथे आतून शिवलेला एक खिसा असतो, साखरेच्या खड्यांसाठी. ओठ तळहातावर फिरतात, मऊ, जरा ओले. पुढचा सबंध दिवस हाताला चिकटपणा राहतो.

शेवटची उडी, १९२०. दोन वर्षांपूर्वी साम्राज्य बुडालं. बादशहाच्या पाहुण्यांसाठी असलेल्या त्या सज्ज्यांत आता तिकीट काढून कुणीही बसतं. तसबिरीपुढे टोपी मात्र अजून उतरते. सज्ज्यात एक मुलगी कठड्याला रेलून टक लावून बघतेय. तिच्यासारखीला इथे शिकायला घेतील, पण त्यासाठी २००८ साल उजाडावं लागणार आहे.

लांब दोर आज तुमच्या हातात आहे. तुमचा घोडा बावीस वर्षांचा, पार पांढरा. त्याच्या पाठीवर सोळा-सतराचं एक पोर आपटतंय, पाय लोंबकळत. ते घाबरून गुडघे आवळतं आणि घोडा थांबतो. एक कान तुमच्याकडे, एक मागे.

“लगाम कधी मिळणार?” पोर विचारतं.

तुम्ही घोड्याला पुन्हा चालवता. त्या हिवाळ्यात तरी त्याला लगाम मिळाला नाही.