उभी शिळा : स्मारक की देवता?

पुण्याचा इतिहास सांगू लागले की आपली दृष्टी शनिवार पेठेतील वाड्यापाशी, म्हणजे १७३० पाशी, सहसा थबकते. त्यामागचे, फार फार मागचे पुणे पाहावयाचे तर पेठ सोडून माळावर गेले पाहिजे. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी तेच केले. पुणे जिल्ह्यातील महापाषाणांवरील त्यांचा लेख १९६२ साली ‘मॅन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पायी हिंडून त्यांनी सूक्ष्मास्त्रे सापडणाऱ्या जागा, अनघड शिळा आणि ग्रामदेवतांची ठाणी यांचा मेळ घातला. आजचा शेंदूर लावलेला तांदळा हा प्रागैतिहासिक पूजेचाच वारसा असावा, असा त्यांच्या विचाराचा रोख होता.

हे अनुमान मोहक आहे. परंतु त्यात एक अडचण आहे. शेंदूर लागला ती शिळा टिकली. ज्या शिळेला कोणी देव मानले नाही, ती बांधात गेली, पायात गेली, अलीकडे खडी होऊन रस्त्याखाली गेली. तेव्हा आज पुजल्या जाणाऱ्या शिळांवरून मूळ हेतू पूजेचाच होता असे ठरविणे म्हणजे उरलेल्यांच्या साक्षीवर सर्वांचा निवाडा करणे होय. शिवाय सूक्ष्मास्त्रे वापरणारे लोक व महापाषाण उभारणारे लोक यांच्यात हजारो वर्षांचे अंतर असू शकते. एका माळावर दोहोंच्या खुणा सापडल्या, एवढ्याने त्यांचे नाते सिद्ध होत नाही.

विदर्भातील पुरावा निराळे सांगतो. जुनापाणीची शिळावर्तुळे रिव्हेट-कार्नाक यांनी १८७९ मध्ये नोंदविली. पुढे तेथे, तसेच टाकळघाट-खापा व माहुरझरी येथे उत्खनने झाली. मृतांचे अवशेष, लोखंडी हत्यारे, माहुरझरीस तर घोड्याचे अवशेष व त्याचे तांब्याचे अलंकार हाती आले. ही वर्तुळे आहेत, एकाकी शिळा नव्हेत, हा भेद विसरता कामा नये. पण एकाकी शिळेचेही जिवंत उदाहरण दूर नाही : गडचिरोलीतील माडिया लोक मृताच्या नावे दगड उभा करतात.

मला स्मारकाचा पक्ष अधिक बळकट वाटतो. मात्र स्मारकाचा देव होणे आपल्याकडे नवलाचे नाही. वीरगळांवर शेंदूर चढलेला कोणी पाहिला नाही? म्हणून पुण्याच्या परिसरात निवाडा व्हावयाचा तर तो शेंदूर न लागलेल्या शिळांवर होईल. त्यांची उंची, दिशा, पायाशी रचलेले गोटे आणि त्यांखालील माती यांची नोंद नांगर व खाणी तेथवर पोहोचण्यापूर्वी झाली पाहिजे.