पुण्या-मुंबईपलीकडचं कोर्ट

महाराष्ट्रातल्या महिला बॅडमिंटनचा इतिहास दीर्घकाळ पुणे-मुंबईचाच राहिला: 1940च्या दशकात पुण्याच्या देवधर भगिनी, पुढे मुंबईच्या अमी घिया, मग सलग नऊ राष्ट्रीय विजेतेपदं मिळवणारी अपर्णा पोपट. यावरून विदर्भात गुणवत्ताच नव्हती असं मानणं चूक आहे. नागपूरच्या डावखुऱ्या मालविका बनसोडनं जानेवारी 2022मध्ये इंडिया ओपनमध्ये सायना नेहवालला 21-17, 21-9 असं हरवलं. सायना तेव्हा दुखापतींतून सावरत होती, हा आक्षेप रास्त. पण 2024च्या चायना ओपनमध्ये ऑलिंपिक कांस्यविजेत्या ग्रेगोरिया तुनजुंगला तिनं 26-24, 21-19 असं नमवलं, तिथं ही सबब चालत नाही. नागपूर मोठं शहर, लहान शहरांची गोष्ट वेगळी, हेही खरंच. म्हणूनच रेल्वेनं सुमारे 130 किलोमीटरवरच्या गोंदियातल्या मुलींना कोर्ट आणि प्रशिक्षक आपल्याच जिल्ह्यात मिळायला हवेत.