धुऱ्यावरचा तरोटा आणि बाबांच्या मानेवरची खाज



पहिला पाऊस झाला की आठ-दहा दिवसांत आपल्याकडे धुऱ्यावर तरोटा दाटतो. कोवळा पाला घरी येतो, लसूण-मिरची घालून भाजी होते. बाकीचा आपण निंदणात उपटून फेकतो. कोकणात याच झाडाला टाकळा म्हणतात. आज या तणाचा इतिहास सांगतो. सांगायचं कारण घरातलंच आहे.

काही वर्षांपूर्वी बाबांना खाज सुरू झाली. मानेला, पापण्यांना, कोपराच्या आतल्या बाजूला. सोयाबीनचं निंदण-डवरणी सुरू झाली की वाढायची, थंडीत जरा कमी व्हायची. दोन-तीन वर्षांत मानेची कातडी जाड आणि काळी पडली. रात्र रात्र खाजवत बसायचे. गावात ज्याला विचारावं तो म्हणे, "तरोट्याचं बी ताकात वाटून लाव." मीही लावलं. दुसऱ्या दिवशी मान लालबुंद झाली, पाणी सुटलं. आजीनं पाहिलं आणि मलाच बोलली, "अबे, हा नायटा नोय! तरोटा नायट्याले लावतेत. सगळ्या खाजीले एकच औषध असते का?"

आजीचं ते एक वाक्य डोक्यात बसलं. मग तरोटा नेमका कशावर चालतो आणि कधीपासून, हे शोधत गेलो.

सगळ्यात आधी नाव बघा. संस्कृतात तरोट्याला चक्रमर्द म्हणतात आणि दद्रुघ्नही म्हणतात. दद्रु म्हणजे दाद, म्हणजे आपला नायटा, गजकर्ण. त्याला मारणारा तो दद्रुघ्न. औषध कशाचं ते नावातच लिहून ठेवलंय. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला तिसरा अध्याय त्वचेच्या रोगांवरच्या लेपांचा आहे. त्याची सुरुवातच बहावा, तरोटा, करंज या झाडांनी होते, पुढे हळद येते. काही लेप ताकात वाटायला सांगितलेत. म्हणजे ताकात वाटायची आपल्याकडची रीत फार जुनी आहे.

आता गोष्ट जरा लांब जाते, पण परत धुऱ्यावरच येते.

एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या औषधी बाजारात 'गोवा पावडर' नावाची पिवळसर-तपकिरी पूड मिळायची. नायट्यावर रामबाण म्हणून तिची ख्याती. १८६४ साली मुंबईतल्या केम्प नावाच्या औषधविक्रेत्यानं तिच्याबद्दल इंग्लंडच्या औषधशास्त्राच्या नियतकालिकात लिहिलं. नाव गोव्याचं, पण गोव्यात ते झाड कुठंच नव्हतं. दहा-बारा वर्षांनी ब्राझीलमधल्या बाहियाच्या एका डॉक्टरनं उलगडा केला, की ही तर आमच्याकडची अरारोबा. तिथल्या जंगलातल्या मोठ्या झाडाच्या खोडातल्या भेगांत ही पूड साठते. खोड फोडून ती खरवडायची. खरवडणाऱ्यांचे डोळे आणि तोंड सुजायचे, इतकी जहाल. ब्राझील आणि गोवा दोन्हीकडे पोर्तुगीजांचं राज्य होतं, म्हणून जहाजांतून ती गोव्यात यायची आणि तिथून मुंबईत.

१८७६ च्या सुमारास लंडनचे त्वचारोगाचे डॉक्टर बाल्मानो स्क्वायर यांच्याकडे एक रोगी आला. त्याचा रोग नायटा समजून त्याला गोवा पावडर लावली गेली होती. प्रत्यक्षात त्याला सोरायसिस होता, म्हणजे कातडीवर जाड, खपलीचे चट्टे येणारा, वर्षानुवर्षं न जाणारा आजार. पण चट्टे कमी झाले होते! स्क्वायर यांनी त्यावर काम करून १८७८ मध्ये पुस्तकच लिहिलं. पुडीतल्या मुख्य द्रव्याला नाव पडलं क्रायसारोबिन. पुढे पहिल्या महायुद्धात जर्मनीला ब्राझीलचा माल मिळेना, तेव्हा तिथल्या शास्त्रज्ञांनी १९१६ साली त्याच्याशी अगदी जवळचं नातं असलेलं द्रव्य कारखान्यात बनवलं. तेच डिथ्रॅनॉल. सोरायसिसवर ते आजही वापरतात.

तुम्ही म्हणाल, यात तरोटा कुठं आहे? तर १९७५ साली आचार्य आणि चॅटर्जी या भारतीय संशोधकांनी तरोट्याच्या बियांतलं बुरशी मारणारं मुख्य द्रव्य वेगळं काढलं. ते निघालं क्रायसोफॅनिक आम्लाचं अँथ्रोन. गोवा पावडरीतलं मुख्य द्रव्य तेच! प्रयोगशाळेत नायट्याच्या बुरशीवर ते चाललं. मात्र हवेनं ते खराब होऊ नये म्हणून सोबत क जीवनसत्त्व घालावं लागलं. मुंबईच्या बाजारात जे ब्राझीलहून येऊन विकलं जात होतं, त्याच जातीचं औषध आपल्या धुऱ्यावर फुकट उगवत होतं.

हे वाचून मला आनंद झाला, आणि बाबांची मान का भडकली तेही कळलं. या जातीची द्रव्यं आगीसारखी असतात. डिथ्रॅनॉल लावताना डॉक्टर चांगल्या कातडीला लागू देत नाहीत, थोडा वेळ ठेवून धुवायला लावतात. त्यानं कातडी जळते, कपड्यांवर न जाणारे डाग पडतात. बुरशीवर किंवा जाड चट्ट्यावर जे काम करतं, तेच ओल्या, सोललेल्या, पापणीजवळच्या कातडीवर लावलं तर आगीत तेल. आजी रसायनशास्त्र शिकली नव्हती, पण हा फरक तिला ठाऊक होता.

मग बाबांचा रोग कोणता? तालुक्याच्या ठिकाणी एका त्वचारोगाच्या डॉक्टरांनी मान, पापण्या आणि कोपरं पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला, "वावरात गाजर गवत आहे का?"

गाजर गवताचा इतिहास तर आपल्या बापजाद्यांच्या डोळ्यांसमोरचा. १९५० च्या दशकात ते पुण्याकडे ठळकपणे दिसायला लागलं. आर. एस. राव यांनी १९५६ साली त्याची नोंद छापली. बारा वर्षांनी, १९६८ मध्ये, लोणकर आणि जोग या डॉक्टरांनी या गवतामुळे झालेल्या त्वचारोगाचा रुग्ण नोंदवला. नंतर असे रुग्ण वाढतच गेले. गवतातलं पार्थेनिन नावाचं द्रव्य त्याच्या बारीक लवेत असतं. वाळलेल्या गवताची धूळ हवेत उडते आणि उघड्या अंगावर बसते. म्हणून मान, पापण्या आणि कोपराचा खळगा. एकदा शरीरानं त्याचा राग धरला, की पुढे थोडंसं लागलं तरी खाज उठते.

आता हिशोब लावा. चरकाच्या काळी हे गवत इथं नव्हतं. आपल्या पणजोबांच्या काळीही नव्हतं. मग त्या खाजेवर 'पूर्वापार' मुळी येणार कुठून? जुनं औषध खोटं नाही. ते दुसऱ्या रोगाचं आहे.

आपल्या जिल्ह्यात खाज म्हटली की कुणीतरी लोणारच्या पाण्याचंही नाव काढतं. श्रद्धेला माझा नमस्कार. पण त्या सरोवराच्या पाण्याचा सामू दहाच्या आसपास असतो. जमिनीचा सामू साडेआठच्या वर गेला की आपण ती चोपण म्हणतो. आपल्या कातडीला तर किंचित आम्लता लागते. आधीच कोरड्या, फुटलेल्या कातडीला असं पाणी मानवेल का, हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

आमच्या घरी शेवटी काय केलं ते सांगतो. डॉक्टरांनी दिलेलं औषध ठरल्याप्रमाणे घेतलं. अंगावर पूर्ण बाह्यांचा सदरा, गळ्याला उपरणं, आणि वावरातून आलं की लगेच अंघोळ. कातडी मऊ राहावी म्हणून साधं खोबरेल. गाजर गवत उपटायचं काम बाबांकडून काढून घेतलं. आता ते मी करतो, फुलावर यायच्या आधी, हातमोजे घालून. खाज मुळातून गेली नाही, पण बाबांना रात्री झोप लागते. दहा वर्षं जागलेल्या माणसाला ते कमी नाही.

आणि तरोटा? तो परत कामाला आला, फक्त जागा बदलून. गाजर गवत दाबायला तरोटा चांगला. जबलपूरच्या तणविज्ञान संशोधन संस्थेची शिफारस आहे, की ऑक्टोबर-नोव्हेंबरात तरोट्याचं बी गोळा करावं आणि एप्रिल-मे महिन्यात पडीक जागी फेकावं. पाऊस पडला की तरोटा दाट उगवतो आणि गाजर गवताला जागाच ठेवत नाही. मी गोठ्यामागची पडीक पट्टी आणि रस्त्याकडचा धुरा यासाठी ठेवलाय. पिकात मात्र फेकू नका, तिथं तोही तणच. मेक्सिकन भुंगेही याच गवतासाठी १९८४ मध्ये बंगळुरूकडे सोडले होते. पावसाळ्यात पानं चाळणीसारखी दिसली तर ते त्यांचंच काम, त्यांच्यावर फवारा मारू नका.

शेवटचं एक. आज नायट्यालाही लोक तरोटा सोडून दुकानातून 'खाजेची ट्यूब' आणतात. त्यांतल्या बऱ्याच ट्यूबांत स्टिरॉइड असतं. दोन दिवस खाज थांबते आणि आत बुरशी माजते. २०१८ मध्ये सरकारनं असे अनेक मलम चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत टाकले, ते उगाच नाही. तेव्हा झाडाचा लेप असो की ट्यूब, आधी रोग ओळखून घ्या. गोल कडेचा, पसरणारा चट्टा वेगळा. जाड खपलीचा वेगळा. निंदणात भडकणारी मानेवरची खाज वेगळी. ओळखता येत नसेल तर डॉक्टरला दाखवा, लेप नंतर.

पुढच्या पावसाळ्यात धुऱ्यावर तरोटा दिसला तर सगळाच उपटू नका. भाजीपुरता खुडा, बियापुरता राखा. आणि तुमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना एकदा विचारा, कोणती मुळी कशाला. 'कशाला' हे नक्की विचारा. आजी गेल्यावर मला अजून चार झाडांबद्दल विचारायचं राहून गेलं.