गावकुसाबाहेरून घरमालकीपर्यंत : आटपाडीच्या तरुणांनो, खोली भाड्याने देताना इतिहास विसरू नका



आटपाडीत आता आपल्या माणसांची स्लॅबची घरं दिसू लागली आहेत. कुणी शिक्षक झाला, कुणी एसटीत लागला, कुणी मुंबईच्या नोकरीतून निवृत्त होऊन गावी परतला. खाली स्वतःचं घर आणि वर भाड्याच्या दोन खोल्या, असं बांधकाम आम्ही गेल्या काही वर्षांत पुष्कळ पाहिलं. आनंद आहे. पण कालपर्यंत खोली मागणारा समाज आज खोली देणारा होतो आहे, ही साधी गोष्ट नाही. तिच्यामागचा इतिहास माहीत नसेल तर आपलेच घरमालक उद्या कालच्या घरमालकांची नक्कल करतील. काही जण करूही लागले आहेत, म्हणूनच हा लेख.

सप्टेंबर 1917. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले बाबासाहेब बडोदा संस्थानाच्या नोकरीत रुजू झाले. राहायला खोली मिळेना. शेवटी पारशी नाव लिहून एका पारशी सरायीत उतरावं लागलं. तिथे बाबासाहेब दीड रुपया रोजाने राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचं फर्मान सुटलं. एक हिंदू मित्र आणि एक ख्रिस्ती मित्र, दोघांनीही आपापल्या परीने नकार दिला. बाबासाहेब काही तास सार्वजनिक बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला निघाले. खिशात भाड्याचे पैसे होते, पदवी होती, सरकारी नोकरी होती. तरीही चार भिंती मिळाल्या नाहीत. 'आर्थिक प्रगती झाली की जात आपोआप जाते' असं म्हणणाऱ्यांनी या अकरा दिवसांचं उत्तर द्यावं.

मुंबईत त्यांना आसरा दिला तो परळच्या बीआयटी चाळीने. 50 आणि 51 नंबरच्या दोन खोल्या. चाळ सार्वजनिक संस्थेची होती, एखाद्या शेठजीची नव्हती, हे ध्यानात घ्या. पुढे 1930 नंतर कर्ज काढून त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह उभारलं. त्याच सुमारास बांधलेली 'चार मिनार' ही दुसरी इमारत 1941 मध्ये कर्जफेडीसाठी आणि पुस्तकांसाठी विकली. राजगृह मात्र कधी विकलं नाही.

आता आपल्या आटपाडीकडे या. आपलं गाव तेव्हा औंध संस्थानात होतं. 1939 मध्ये इथेच स्वतंत्रपूर वसलं. खुनाची शिक्षा झालेले कैदी भिंतीशिवाय, कुलपाशिवाय, बायकामुलांसह राहू लागले. प्रयोग चांगलाच होता, आम्ही त्याला नावं ठेवत नाही. पण त्याच आटपाडीत 1921 साली जन्मलेले शंकरराव खरात महारवाड्यात वाढले. वडील तराळकी करायचे. 'तराळ-अंतराळ' ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी आधी ते वाचावं. गुन्हेगाराच्या माणुसकीवर विश्वास ठेवून त्याला घर देणाऱ्या काळात निरपराध माणसाचं घर मात्र गावकुसाबाहेरच राहिलं.

या इतिहासाचा एक धागा थेट तुमच्या सातबाऱ्यापर्यंत येतो. महार वतन 1958 च्या कायद्याने संपलं आणि ठरावीक रक्कम भरून जमिनी परत मिळाल्या, पण शर्तींसह. आपली कितीतरी घरं अशाच जमिनीवर उभी आहेत. उताऱ्यावर 'भोगवटादार वर्ग 2' किंवा 'नवीन शर्त' असं काही दिसलं, तर दुकानगाळे बांधून लांब मुदतीने देण्याआधी तहसीलमध्ये चौकशी करा. परवानगीविना केलेला व्यवहार पुढे अंगाशी येतो. अशा कागदांतल्या चुकांचा फायदा घेऊन वतनी जमिनी कुणी लाटल्या, हे आम्ही नव्याने सांगायला नको.

तोंडी व्यवहार नको. "आपलाच माणूस आहे, कागद कशाला?" हे वाक्य आम्ही फार ऐकलं, आणि त्याचे तंटे सोडवायलाही आम्हालाच बसावं लागलं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 मधलं कलम 55 सांगतं की करार लेखी आणि नोंदणीकृत हवा आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, ते खोटं ठरवण्याचा भार तुमच्यावर. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा कायदा त्याच्या परिशिष्टांतल्या गावा-शहरांना लागू आहे. आपलं ठिकाण त्यात येतं का, ते दुय्यम निबंधक कार्यालयात विचारा. येत नसलं तरी करार कराच. साधारण पद्धत अकरा महिन्यांच्या 'लिव्ह अँड लायसन्स'ची आहे. अनामत किती, लाईटबिल कुणाचं, पाणीपट्टी कुणाची, सगळं त्यात लिहा.

भाड्याची पावती द्या. आपल्या बापजाद्यांनी सावकाराकडे पैसे भरले आणि पावती नसल्यामुळे तेच पैसे पुन्हा भरले, ते दुसऱ्याच्या वाट्याला कशाला? भाडं थकलं म्हणून पाणी किंवा वीज तोडू नका. याच कायद्याने ते बेकायदा ठरवलं आहे. आणि चवदार तळ्याचं नाव घेणाऱ्याने कुणाचं पाणी तोडावं, हे आम्हाला तरी पटत नाही.

आता अवघड मुद्दा. आम्ही स्वतः शहरात खोली शोधत हिंडलो आहोत. "आडनाव काय? नॉनव्हेज खाता का?" या प्रश्नांचा अर्थ आम्हाला कळतो. संविधानाच्या कलम 15 मध्ये दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव आहेत, खाजगी भाड्याची खोली नाही. पण 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यातलं कलम 4 अस्पृश्यतेच्या कारणावरून कुठल्याही वस्तीत राहण्याची जागा घेण्याला आडकाठी करणं हा गुन्हा मानतं. आपल्या पोरांना हे कलम पाठ हवं.

पण तोच प्रश्न आपल्या दारात उभा राहिला तर? मातंग कुटुंब आलं, पारधी आला, मुसलमान शिक्षक बदलून आला, नवऱ्याने टाकलेली बाई लेकरं घेऊन आली. "आमच्यातलाच पाहिजे" हे उत्तर आम्ही आपल्याच काही घरांत ऐकलं आहे. कारणंही तीच : शेजारी काय म्हणतील, वस्तीचं वातावरण बिघडेल. बडोद्याच्या काठीवाल्यांचंही हेच म्हणणं होतं, त्यांनाही आपली सराय 'बाटू' द्यायची नव्हती.

भाडेकरूची चौकशी जरूर करा. काम काय, आधार कार्ड, आधीच्या घरमालकाचा नंबर, हे विचारणं रास्त आहे. माहिती पोलीस ठाण्यात द्या. जात विचारू नका, आडनावावरून अंदाजही बांधू नका. यंदा बांधकाम काढलेल्या आमच्या एका मित्राने विचारलं, "मग पाटी कशी लावू?" आम्ही त्याला दोनच ओळी लिहून दिल्या : खोली भाड्याने देणे आहे. करार व पावती मिळेल.