रिकाम्या पोटातील झाडलोट

पोटात कावळे ओरडू लागले की आपण ते केवळ भुकेचे लक्षण समजतो. वास्तविक त्या आवाजात आतड्यांच्या झाडलोटीचाही मोठा वाटा असतो. अन्न पचून जठर व लहान आतडे रिकामे झाले, की साधारणतः दर दीड-दोन तासांनी आकुंचनाची जोरदार लाट उठते. बहुधा जठरातून निघून ती लहान आतड्याच्या टोकाकडे सरकते आणि उरलेले अन्नकण, मृत पेशी व जिवाणू मोठ्या आतड्याकडे लोटते. एका जागी तिचा जोर जेमतेम ५ ते १० मिनिटे टिकतो. शुर्झेव्स्की यांनी १९६९ मध्ये कुत्र्यांच्या लहान आतड्यात तिचा मार्ग नोंदवला. ‘मायग्रेटिंग मोटर कॉम्प्लेक्स’ हे तिचे शास्त्रीय नाव. माणसाच्या जठरात तिला मोटिलिन हे संप्रेरक चालना देते.

खाणे पोटात पडले, की हे काम थांबते. पेणचे पोहे आणि पापड प्रसिद्ध आहेत. पण रोह्याहून पेणमार्गे पनवेलकडे निघालेल्या प्रवाशाने वाटभर मूठमूठ चिवडा आणि वर गोड चहा चालू ठेवला, तर झाडलोटीला सवड कुठून मिळणार?

ज्यांच्यात ही लाट उठत नाही अशा रुग्णांच्या लहान आतड्यात जिवाणूंची बेसुमार वाढ होत असल्याचे व्हांत्रापेन व सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये दाखवले. मात्र, सतत चरल्यानेच हा विकार जडतो, असे म्हणणे घाईचे ठरेल. दीर्घकाळच्या मधुमेहातही मज्जातंतू दुबळे होऊन ही लाट मंदावू शकते. तरीही इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय दोन खाण्यांमधील अंतर वाढवू नये.