कॉफी जेली : खाण्याची कॉफी

कॉफी पिण्याऐवजी चमच्याने खाण्याचा प्रकार जपानमध्ये चांगलाच रुळला आहे. काळसर, किंचित कडू जेलीचे चौकोनी तुकडे आणि त्यावर सोडलेले पातळ क्रीम, असे या 'कॉफी जेली'चे साधे रूप असते. कॉफीच्या जेलीच्या पाककृती १९व्या शतकात इंग्लंडमध्येही छापल्या गेल्या होत्या. तिकडे हा पदार्थ मागे पडला, जपानने मात्र तो आपलासा केला. १९६३ मध्ये 'मिकादो कॉफी'ने करुइझावा या थंड हवेच्या ठिकाणी तो विक्रीस ठेवला आणि पुढे तो जपानमधील कॉफीगृहांत सर्वत्र दिसू लागला.

घरी कॉफी जेली करताना खरा प्रश्न असतो तो ती कशाने घट्ट करायची हा. जिलेटिन जनावरांच्या कातडीपासून व हाडांपासून मिळते. त्यामुळे शाकाहारी घरांत ते चालत नाही. त्याला पर्याय अगर-अगरचा. किराणा दुकानात 'चायना ग्रास' या नावाने मिळणारा हा पदार्थ गवताचा नसून समुद्रातील तांबड्या शेवाळाचा असतो. जपानी भाषेत त्याला 'कांतेन' म्हणतात. या शब्दातील दोन चिन्हांचा अर्थ 'थंड' आणि 'आकाश' असा आहे. शेवाळाचा घट्ट झालेला अर्क हिवाळ्यात उघड्यावर ठेवून रात्री गोठवायचा व दिवसा वितळू द्यायचा, ही ते सुकवण्याची जुनी पद्धत.

उन्हाळ्याच्या दृष्टीनेही अगरच सोयीचे. जिलेटिन शरीराच्या तापमानालाच वितळते. घट्ट झालेले अगर मात्र सुमारे ८५ अंश सेल्सिअसपर्यंत टिकते. रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या वाल्टर हेसे यांची जिलेटिनवरील जिवाणूंची वाढ उन्हाळ्यात बिघडत असे, तेव्हा १८८१ मध्ये त्यांच्या पत्नी फॅनी यांनी अगर सुचवले. त्या स्वयंपाकघरात जेलीसाठी तेच वापरत! सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत ते आजही वापरले जाते.

चार जणांसाठी अर्धा लिटर पाणी, ३ ग्रॅम अगर भुकटी (सपाट दीड चहाचा चमचा), ५० ग्रॅम साखर आणि चार चहाचे चमचे इन्स्टंट कॉफी पुरते. अगरच्या पट्ट्या असल्यास वजन दुप्पट घ्यावे व त्या अर्धा तास भिजवाव्यात. अगर थंड पाण्यात घालून ढवळत उकळी आणावी आणि मंद आचेवर आणखी दोन-तीन मिनिटे उकळू द्यावे. बहुतेक वेळा जेली फसते ती येथेच, कारण नुसत्या गरम पाण्यात अगर विरघळत नाही. ते पूर्ण विरघळल्यावर साखर घालावी. कॉफी आच बंद केल्यावरच मिसळावी, अन्यथा तिचा सुगंध उडून जातो. मिश्रण गाळून पसरट भांड्यात ओतावे. ते बाहेरच घट्ट होऊ लागते. फ्रिजमध्ये दोन तास ठेवावे ते केवळ गार होण्यासाठी.

फिल्टर कॉफी आवडणाऱ्यांनी पाणी ३५० मिलिलिटर घेऊन १५० मिलिलिटर दाट डिकॉक्शन घालावे, पण ते गरम असावे. अगर ४० अंशांच्या खाली येताच घट्ट होऊ लागते, त्यामुळे गार डिकॉक्शनने गुठळ्या होतात. चिकोरीचे प्रमाण जास्त असलेली कॉफी येथे टाळलेली बरी. कडवटपणा तेवढा उरतो, सुगंध राहत नाही.

जिलेटिनच्या लुसलुशीत, तोंडात विरघळणाऱ्या जेलीची सवय असलेल्यांना हा पोत थोडा ठिसूळ वाटेल. मऊ जेली हवी असल्यास अगर दोन ग्रॅमवर आणावे. वाढताना दीड सेंटिमीटरचे तुकडे कापून त्यावर गार क्रीम किंवा थोडे कंडेन्स्ड मिल्क घालावे. उरलेली जेली झाकून फ्रिजमध्ये ठेवावी. दुसऱ्या दिवशी तिला थोडे पाणी सुटते, ते ओतून टाकावे.